रूटची चावी: प्रकल्प नोंदी, रत्नागिरी, जून ते सप्टेंबर २०२५

९ जून, सोमवार

आमच्या नागरी सहकारी बँकेच्या मार्चच्या आयएस (माहिती प्रणाली) ऑडिटमधला शेरा समोर ठेवून आज कामाला बसले. शेरा एकाच ओळीचा आहे: सर्व युनिक्स सर्व्हरवर रूट हे खातं सामायिक वापरात असून एखादी कृती नेमकी कोणी केली हे सांगता येत नाही. रूट म्हणजे मशीनवर काहीही करू शकणारं सर्वाधिकारी खातं. पूर्तता ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे अर्धवार्षिक क्लोजिंगच्या दिवशीच.

आधी मोजदाद. रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात ८ सर्व्हर, कोल्हापूरच्या डीआर साइटवर (आपत्तीत काम चालवायच्या पर्यायी केंद्रात) ३. अकरांपैकी ७ रेड हॅट ८ (लिनक्स) वर चालतात, २ अजून रेड हॅट ७ वर अडकलेत (त्याचा नेहमीचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला) आणि उरलेली २ एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स), ज्यांच्यावर खातेदारांचा डेटाबेस आहे. अकराही मशीनवर रूटचा पासवर्ड एकच.

वहीचं कोरं पान घेतलं आणि तो पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे ते लिहीत गेले. आयटी विभागातले ५. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे ४. हार्डवेअरच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) २. नोकरी सोडून गेलेले ३. चौदा माणसं. त्यातली एकही व्यक्ती वाईट आहे असं मला वाटत नाही. पण चौदा जणांच्या खिशात एकच चावी असेल तर ती चावी कोणाचीच नसते.

इतकी वर्षं पासवर्ड का बदलला नाही, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. तो किती स्क्रिप्टमध्ये (कमांड आपोआप चालवणाऱ्या फाइलींमध्ये) लिहून ठेवलाय ते कोणालाच ठाऊक नाही. बदलला तर रात्रीचा डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम) कुठे अडकेल ही धास्ती.

१० जून, मंगळवार

पासवर्ड म्हणजे पुढचं दार. आज मागची दारं शोधली.

युनिक्सला ‘रूट’ या नावाचं काही सोयरसुतक नसतं. कर्नल (युनिक्सचा गाभा) पाहतो तो आकडा: यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक, शून्य आहे का. ज्या खात्याचा यूआयडी शून्य, ते रूट, मग नाव काहीही असो. पासवर्ड फाइलमध्ये तिसरा रकाना शून्य असलेल्या ओळी प्रत्येक मशीनवर काढल्या. दहा ठिकाणी एकेकच ओळ आली. रिपोर्ट सर्व्हरवर दोन आल्या: ‘रूट’ आणि ‘बीकेपी२’. कधीतरी टेप बॅकअपसाठी कोणीतरी केलेलं खातं. टेप ड्राइव्ह भंगारात जाऊन किती वर्षं झाली, खातं मात्र शाबूत.

मग रूटच्या ऑथराइज्ड कीज फाइली, म्हणजे पासवर्डशिवाय दुरून आत सोडणाऱ्या एसएसएच चाव्यांच्या याद्या. अकरा मशीन मिळून २३ एसएसएच चाव्या. ओळीच्या शेवटी जे नाव दिसतं ती निव्वळ टिप्पणी असते. तिथे कोणीही काहीही लिहू शकतं, आणि लिहिलेल्याच माणसाकडे ती चावी आजही आहे याचा तो पुरावा नव्हे. सात चाव्या आमच्याच म्हणून पटल्या. सोळांचा मालक सापडला नाही.

शेवटी सेट-यूआयडी फाइली. ही युक्ती बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी काढली, तिचं पेटंट १९७९ मध्ये मंजूर झालं: प्रोग्रॅम कोणीही चालवो, तो चालतो मालकाच्या अधिकाराने. साध्या माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो याचमुळे. पण हीच युक्ती वाईट जागी लावली तर? एका जुन्या फोल्डरमध्ये बॅशची (कमांड घेणाऱ्या शेलची) प्रत सापडली, मालक रूट, सेट-यूआयडी लावलेली. साधी चालवली तर बॅश तो अधिकार स्वतःहून टाकून देतो. पुढे ‘-पी’ लावलं की सरळ रूट. पासवर्ड नको, चावी नको, लॉगमध्ये (मशीनच्या नोंदींत) सुडोची, म्हणजे रूटचं काम स्वतःच्या नावाने करू देणाऱ्या प्रोग्रॅमची, ओळही नाही. मी माझ्या साध्या खात्यातून करून पाहिलं. खाली प्रभावी यूआयडी शून्य उमटलं तेव्हा हात गार पडले.

फाइलचा फोटो, तारीख, हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) नोंदवून ती काढून टाकली. मॅडमना (आमच्या माहिती सुरक्षा अधिकारी) लगेच लेखी कळवलं.

१२ जून, गुरुवार

काकांशी बोलणं टाळत होते. ते आज आपणहून आले.

काका आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. लेजर हाताने लिहायच्या काळात लागले, येत्या ३० सप्टेंबरला निवृत्त होतायत. सर्व्हर रूममध्ये एखादा पंखा वेगळा वाजला तरी त्यांना बाहेरून कळतं. रूटचा पासवर्ड त्यांच्या बोटांत आहे. विचारलं तर त्यांना तो तोंडाने सांगता यायचा नाही, टाइप करता येतो.

“गो बाय, म्हणजे आता माझ्यावर भरवसा नाय?”

मला उत्तर सुचलं नाही. कारण मला २०१९ ची दिवाळी आठवत होती, आणि त्यांनाही तीच आठवत असणार.

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी रिपोर्ट सर्व्हरवरचं तीन महिन्यांचं रिपोर्टचं फोल्डर उडालं. बॅकअप होता, दोन दिवसांत परत आणलं. पण कोणी उडवलं? लॉगमध्ये एवढंच: रूट, ऑपरेटर रूमचं टर्मिनल, ६ वाजून ४७ मिनिटं. त्या टर्मिनलवर सगळेच बसत. ड्युटीवर काका होते. चौकशी झाली, काही सिद्ध झालं नाही, आणि काही सिद्ध न होणं हेच त्यांना भोवलं. त्यांची त्या वर्षीची बढती लांबली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. मागून बोललेलं मी ऐकलंय. त्या दिवशी सॉफ्टवेअर कंपनीचा माणूसही रिमोटने जोडलेला होता, जुन्या फाइली साफ करायची त्याची एक स्क्रिप्टही होती, पण तोही रूटच. रूट आणि रूट यांत फरक करणार कसा?

मी काकांना तेवढंच सांगितलं. म्हटलं, “काका, तेव्हा तुमचं नाव लॉगमध्ये असतं, तर तुम्ही ते केलं नाहीत हे पहिल्या तासात कळलं असतं.” ते काही बोलले नाहीत. चहा संपवून उठले. जाताना म्हणाले, “माझं खातं आधी कर.”

१६ जून, सोमवार

साहेबांपुढे प्रस्ताव. मी पंधरा स्लाइड केल्या होत्या, त्यातल्या दोनच लागल्या.

पहिली नियमांची. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ ची, आणि बँकेचा डिजिटल पसारा पाहून चार स्तरांत विभागलेली विस्तृत चौकट ३१ डिसेंबर २०१९ ची. सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) निर्देश २८ एप्रिल २०२२ चे: ठरवून दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग मागचे १८० दिवस सांभाळायचे, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. साहेबांनी मान डोलावली. हे त्यांनी वाचलेलंच होतं.

दुसरी स्लाइड म्हणजे आमच्याच स्ट्राँगरूमच्या दाराचा फोटो. दोन कुलपं, दोन चाव्या, दोन अधिकारी, रजिस्टरवर वेळेसकट सह्या. जॉइंट कस्टडी. मी विचारलं, “साहेब, आत दहा लाखांची रोकड असते तेव्हा आपण एकट्याला दार उघडू देत नाही. ज्या मशीनवर सगळ्या खातेदारांची शिल्लक आहे तिची चावी चौदा जणांकडे आहे आणि रजिस्टरच नाही.”

त्यांनी चष्मा काढून फोटोकडे पुन्हा पाहिलं आणि सही केली. बँकेतल्या माणसाला बँकेची भाषा लगेच पोचते. मी उगाच दोन वर्षं ‘प्रिव्हिलेज’, ‘प्रिव्हिलेज’ करत होते.

२३ जून, सोमवार

सुडोचे नियम लिहायला घेतले. यंदा पाऊस मे महिन्यातच आल्यामुळे जूनअखेरीलाच श्रावणासारखं वाटतंय. सर्व्हर रूमचा डीह्युमिडिफायर दिवसाला दोन बादल्या पाणी काढतो.

सुडो तसा जुना माणूस. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिला. कल्पना साधी: माणसाने स्वतःच्या नावाने आत यावं, लागेल तेवढंच एक काम रूटच्या अधिकाराने करावं, आणि त्याची नोंद राहावी. पण नियम ढिला लिहिला तर सुडो म्हणजे दुसऱ्या नावाने वाटलेलं रूटच. जुन्या फाइलमध्ये काय काय सापडलं ते लिहून ठेवते, लांज्याहून नवीन आलेल्या मुलाला शिकवायला उपयोगी पडेल.

एक. ऑपरेटरांना कॉन्फिगरेशनची एक फाइल बदलता यावी म्हणून सुडोमधून व्हीआय (फाइल बदलायचा प्रोग्रॅम) दिलेला. व्हीआयच्या आतून उद्गारचिन्ह टाकून शेल उघडता येतं आणि ते शेल रूटचं असतं. लेसचंही (फाइल वाचायचा प्रोग्रॅम) तसंच. फाइलच बदलायची असेल तर सुडोएडिट द्यावा: तो फाइलची प्रत काढतो, माणूस आपल्या अधिकारात ती बदलतो, मग प्रत जागेवर जाते.

दोन. “सगळं चालेल, फक्त एसयू आणि शेल नको” असा नियम (एसयू म्हणजे दुसऱ्या खात्यात शिरायची कमांड). वाचायला कडक, प्रत्यक्षात पोकळ. शेलची प्रत दुसऱ्या नावाने केली की बंदी संपली. नकाराची यादी करून भागत नाही. होकाराचीच करावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

तीन. लॉग वाचण्यासाठी कॅट (फाइल पडद्यावर दाखवणारी कमांड), पुढे फाइलच्या नावानंतर तारकाचिन्ह (*). सुडोच्या नियमात कमांडच्या पुढच्या मजकुरातलं तारकाचिन्ह मोकळी जागासुद्धा गिळतं. म्हणजे लॉगच्या नावापुढे स्पेस देऊन शॅडो फाइलचं (पासवर्डचे हॅश जिथे असतात तिचं) नाव लिहिलं तरी नियमात बसतं. पासवर्डचे हॅश पडद्यावर.

चार, आणि हे मला सगळ्यांत लागलं: डे-एंडची स्क्रिप्ट. ऑपरेटर ती सुडोने चालवतात, ते ठीकच. पण त्या फाइलवर लिहायचा अधिकार ऑपरेटर ग्रुपला होता. जी फाइल मला बदलता येते आणि रूट म्हणून चालवता येते, तिच्यातून मी काहीही करू शकते. मालक रूट केला, ग्रुपचा लिहिण्याचा हक्क काढला, आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरचाही. फोल्डर विसरलं तर फाइल उचलून दुसरी ठेवता येते.

२ जुलै, बुधवार

सोमवारी सुडोमधल्याच दोन त्रुटी जाहीर झाल्या. दिवसभर त्यातच.

सीव्हीई-२०२५-३२४६३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा क्रमांक) ची चर्चा जास्त आहे, सी-रूट (ठरावीक फोल्डरलाच मूळ मानून कमांड चालवायच्या) पर्यायामधली ती. ती १.९.१४ पासूनच्या आवृत्त्यांना लागू. आमच्या मशीनवरचा सुडो त्याहून जुना, त्यामुळे सुटलो. पण दुसरी, ३२४६२, ती १.८.८ पासूनची, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं आत बसलेली. सुडोत ‘-एच’ हा पर्याय दुसऱ्या मशीनवर आपल्याला काय परवानगी आहे ते फक्त पाहण्यासाठी होता. प्रत्यक्षात तो देऊन त्या दुसऱ्या मशीनची परवानगी इथेच वापरता येत होती.

आणि मी गेल्या आठवड्यात काय केलं होतं? अकराही मशीनसाठी एकच सुडोअर्स फाइल (सुडोच्या नियमांची), आत मशीनवार नियम. चाचणीच्या मशीनवर लांज्याच्या मुलाला पूर्ण अधिकार, मुख्य सर्व्हरवर काहीच नाही. या त्रुटीने तो मुख्य सर्व्हरवर बसून म्हणू शकला असता की मी चाचणीचं मशीन आहे.

रेड हॅट ८ च्या मशीनना अपडेट लावायचं ठरवून आजच चाचणीच्या मशीनवर तयारी सुरू केली. एआयएक्सवरचा सुडोही आयबीएमच्या टूलबॉक्समधून बदलायचा. रेड हॅट ७ ला अपडेट येणार नाही, वाढीव आधार आम्ही विकत घेतलेला नाही. त्यामुळे एकच फाइल ही कल्पनाच मोडली. प्रत्येक मशीनला तिची स्वतःची फाइल, आत तिच्यापुरतेच नियम. दुसऱ्या मशीनचा नियम तिथे लिहिलेलाच नसेल तर उसना घेणार कुठून?

मॅडम म्हणाल्या, दोन जुन्या मशीनचं काय ते साहेबांना आता आकडा घालून सांगा. सांगितलं. डिसेंबरपर्यंत बदलायचं तोंडी ठरलंय, लेखी यायचंय.

११ जुलै, शुक्रवार

दोन तास वाया. डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) नियमांची फाइल सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये ठेवली, व्हिसुडोने (नियम तपासणाऱ्या कमांडने) तपासली, एकही चूक नाही, तरी नियम लागूच होईना. फाइलच्या नावात मी तारीख घातली होती, टिंब देऊन. त्या फोल्डरमधली ज्या फाइलच्या नावात टिंब आहे ती सुडो वाचतच नाही, निमूट सोडून देतो. टिंब काढलं, चाललं. वहीत लाल पेनाने लिहिलं.

१५ जुलै, मंगळवार

जंप सर्व्हर उभा केला. आता कुठल्याही सर्व्हरवर जायचं तर आधी इथे, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चावीने आणि मोबाइलवरच्या सहा आकडी कोडने. हा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि मोबाइलला नेटवर्क नसलं तरी चालतो, कारण तो फक्त गुपित आणि वेळ यांवरून निघतो. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून एसएमएसचा मार्ग मी पहिल्यापासूनच नाकारला.

पण लांज्याच्या मुलाचा कोड घेईना. पाचदा. त्याला वाटलं आपण चुकतोय. मग घड्याळ पाहिलं: जंप सर्व्हर चार मिनिटं मागे. ज्या वेळेच्या सर्व्हरकडे तो पाहत होता तो सर्व्हर कधीच बंद झालाय.

मग अकराही मशीनची घड्याळं ओळीने लिहून काढली. सात मशीन ठीक. एआयएक्स एक अडीच मिनिटं पुढे, दुसरं सात मिनिटं मागे, रेड हॅट ७ ची दोन्ही मनाला येईल तशी. याचा अर्थ आजवर दोन मशीनचे लॉग शेजारी ठेवून आम्ही जे काही निष्कर्ष काढले असतील ते सगळे संशयास्पद. ६ वाजून ४७ मिनिटं हा आकडा मी सहा वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय. ते ६:४७ खरंच ६:४७ होतं का?

आतला एक वेळ-सर्व्हर ठेवला, तो एनआयसीच्या ‘समय’ सर्व्हरशी जोडला, बाकी सगळे त्याच्याशी. एआयएक्सचं घड्याळ एकदम मागे ढकललं नाही, डेटाबेस चालू असताना वेळ उलटी फिरवणं बरं नव्हे. हळूहळू ओढून आणतोय.

२६ जुलै, शनिवार

चौथा शनिवार, बँक बंद. आज रूटचं थेट लॉगिन बंद करायचा दिवस.

रात्री आठपासून. प्रत्येक मशीनवर क्रम तोच: रूटचं एक सत्र उघडं ठेवायचं आणि कितीही मोह झाला तरी ते बंद करायचं नाही. एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये पर्मिट-रूट-लॉगिन ‘नो’. आधी तपासणीची कमांड, मग रीलोड. मग दुसऱ्या खिडकीतून स्वतःच्या नावाने आत येऊन सुडो चालतोय का पाहायचं. चाललं तरच पहिलं सत्र सोडायचं. एआयएक्सवर रूटचं रिमोट लॉगिन खात्याच्या गुणधर्मातूनही बंद केलं आणि एसयू करून रूट होण्याची मुभा एकाच ग्रुपपुरती ठेवली.

नवव्या मशीनवर फटका बसला. शाखांकडून येणाऱ्या फाइली उचलणारी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट रूट म्हणून एसएसएच करत होती. यादीत नव्हती, कारण ती कोल्हापूरहून रत्नागिरीकडे उलटी यायची. फाइली साठू लागल्या. त्या कामासाठी वेगळं खातं केलं, त्याला हाताने वापरायचं शेल नाही, चावीला एकच कमांड बांधलेली. रात्री १ वाजून २० मिनिटांनी फाइली पुन्हा वाहू लागल्या.

मग अकराही मशीनवर रूटचे नवे पासवर्ड, प्रत्येकी वेगळे, चोवीस अक्षरी. अर्धा पासवर्ड मी टाइप केला, अर्धा मॅडमनी, एकमेकींकडे पाठ करून. दोन्ही अर्धे कागदावर लिहून दोन पाकिटं, दोन अधिकारी, स्ट्राँगरूम. २३ चाव्यांच्या सगळ्या ओळी काढल्या. ‘बीकेपी२’ गेलं.

काका शेवटपर्यंत थांबले. त्यांना थांबायची गरज नव्हती.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑडिट-डी, लिनक्सची आतली नोंदयंत्रणा. सुडोच्या लॉगवर मी थांबणार नव्हते, कारण सुडोने कोणी शेल उघडलं तर आतलं पुढचं काही त्या लॉगमध्ये येत नाही. लिनक्सचं ऑडिट मात्र माणूस आत येतानाचा यूआयडी धरून ठेवतं, ‘एयूआयडी’. पुढे सुडो करा, एसयू करा, तो बदलत नाही. रूटच्या अधिकाराने चाललेली प्रत्येक कमांड मूळ माणसाच्या आकड्यासह नोंदवायची असा नियम घातला. थेट रूट म्हणून आत येणं बंद केल्याशिवाय याचा उपयोग नव्हता. तसं आलेल्याचा एयूआयडीही शून्यच. नियमांच्या शेवटी ‘-ई २’, म्हणजे मशीन रीबूट केल्याशिवाय रूटलाही नियम बदलता येत नाहीत.

सगळे लॉग त्याच क्षणी वेगळ्या लॉग सर्व्हरवर जातात. तिथे माझं खातं नाही. मीच तसं मागितलं. जिच्याकडे सर्व्हरचे अधिकार आहेत तिच्याकडेच त्यांचा पुरावा असू नये.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस पाऊस हटत नाही. संध्याकाळी लाईट गेली, जनरेटर सुरू व्हायच्या आत यूपीएसच्या एका बॅटरी-संचाने मान टाकली आणि रेड हॅट ७ चं एक मशीन आडवं झालं. परत उठलं ते इमर्जन्सी मोडमध्ये. एक फाइल सिस्टिम माउंट होईना. पडद्यावर एकच ओळ: देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या.

इथे सुडो नाही, जंप सर्व्हर नाही. पाकीटच.

एक अधिकारी नाचण्याला राहतात, दुसरे शिरगावला. दोघं भिजत आले, स्ट्राँगरूम उघडली, रजिस्टरवर सह्या, वेळ ९:४०. पाकिटं फोडली आणि आतले कागद सादळलेले. मॅडमच्या अर्ध्यात शाईच्या पेनाने लिहिलेली दोन अक्षरं पसरली होती. माझ्या अर्ध्यात मीच काढलेलं एक अक्षर ओ की शून्य ते मला ओळखेना. चौथ्या प्रयत्नाला आत गेलो. एक्सएफएसची (त्या फाइल सिस्टिमची) दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. बोलावण्यापासून पासवर्ड लागेपर्यंत मात्र एक तास पन्नास मिनिटं.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत भरलं तेव्हा कागदपत्रांचं काय झालं ते मी नातेवाइकांकडे डोळ्यांनी पाहिलंय. तरी कोकणात राहून कागद तसाच पाकिटात घातला, ही माझी चूक. उद्यापासून: छापील कागद, लॅमिनेट केलेला, वर हवाबंद पिशवी. ओ, शून्य, एल आणि एक ही अक्षरं पासवर्डमध्ये वापरायचीच नाहीत. तिसरा पर्यायी अधिकारी, जो चालत पोचेल इतक्या जवळ राहतो. वापरलेला पासवर्ड रात्रीच बदलला.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. आजपासून ८ सप्टेंबरपर्यंत कुठलाही बदल नाही. अर्धं कार्यालय गावी, मीही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सॉफ्टवेअर कंपनीशी बोलणं तापलं. त्यांना कायमचं खातं हवं, “रात्री काही झालं तर” म्हणून. मी त्यांच्या प्रत्येक इंजिनिअरला त्याच्या नावाचं एसएसएच सर्टिफिकेट देऊ केलं, मुदत आठ तास. काम निघालं की तिकीट काढायचं, आमच्याकडच्या एकाने मंजूर करायचं, सर्टिफिकेट द्यायचं. आठ तासांनी ते आपोआप निरुपयोगी. परत घ्यायची आठवण ठेवावी लागत नाही, यातच त्याचं मोल आहे. आमच्या चाव्यांच्या याद्यांत सोळा अनोळखी चाव्या का साठल्या होत्या? दिलेलं परत घ्यायचं राहून जातं म्हणूनच.

त्यांच्या वरिष्ठांनी तासाभराने मान्य केलं. नंतरची भर: पहिल्याच आठवड्यात तीन तिकिटं आली. आधी तीन वेळा ते आत येऊन गेल्याचं आम्हाला कळलंही नसतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी पूर्ततेचा अहवाल मॅडमकडे दिला. उघडे राहिलेले मुद्दे दोन, लपवले नाहीत: रेड हॅट ७ ची दोन मशीन, आणि बूट लोडरला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड सहाच ठिकाणी लागलाय. कन्सोलपाशी (मशीनच्या स्वतःच्या पडद्या-कीबोर्डपाशी) पोचलेल्या माणसाला बूट करतानाच आत शिरता येतं, तेव्हा तोवर सर्व्हर रूमच्या किल्लीचं रजिस्टर कडक.

संध्याकाळी अर्धवार्षिक क्लोजिंग. काकांचा शेवटचा डे-एंड. निरोपसमारंभ दुपारीच झाला होता, शाल-श्रीफळ टेबलावर होतं, पण डे-एंड दुसऱ्याने केलेला त्यांना चालणार नव्हता. स्वतःच्या नावाने आले, कोड टाकला, सुडो, स्क्रिप्ट. ४२ मिनिटांत सगळ्या शाखा बंद झाल्या.

मग त्यांचं खातं बंद करायचं होतं. मी म्हटलं, उद्या करते. “आज. माझ्यासमोर,” ते म्हणाले. नुसता पासवर्ड लॉक करून पुरत नाही, चावीने आत येता येतंच; म्हणून खात्याची मुदत संपवली, चावी काढली, कोडचं गुपित पुसलं, सुडोच्या ग्रुपमधून नाव काढलं. प्रत्येक पायरी ते पडद्यावर वाचत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, आजच्या डे-एंडची नोंद दिसेल का. मॅडमनी लॉग सर्व्हरवरून ओळ काढून दिली. तारीख, २० वाजून १२ मिनिटं, त्यांचं पूर्ण नाव असलेलं खातं, कमांड, यशस्वी. काकांनी ती ओळ छापून मागितली. मॅडमनी छापली, खाली सही-शिक्का दिला. त्यांनी कागदाची दोनदा घडी घातली आणि शर्टच्या वरच्या खिशात ठेवला.